ओटीतले चिंचोके

हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या ज्या घरात मी कॉलेजची वर्षं काढली, तिथे रस्त्याच्या अंगाची एक खोली वर्षातला बराच काळ रिकामी असायची. आत दोन गाद्या गुंडाळून ठेवलेल्या, त्यांवर धुतलेली चादर, कोपऱ्यात पालथा घातलेला तांब्या. खाली कापडाचं ठोक दुकान, मागे गोदाम आणि वर घर. घर तसं मोठं होतं, पण मला जागा मिळाली ती स्वयंपाकघराला लागून असलेल्या, डबे ठेवायच्या कोठीत. माझे अप्पा त्याच दुकानाच्या गोदामात कापडाच्या गाठी उचलायचे. आमचं गाव अळणावरजवळ. बारावीच्या पुढे गेलेली मी आमच्या घरातली पहिली. हॉस्टेल परवडणारं नव्हतं, म्हणून अप्पांनी सावकारांपुढे, म्हणजे दुकानाच्या मालकांपुढे, चाचरत विषय काढला होता. सावकारांनी वर बघून हाक मारली आणि त्यांच्या बायकोने जिन्यातूनच सांगितलं, "राहू दे की. पोरगी काय जड हाय होय?" त्या दिवसापासून मी त्या दोघांना अण्णा आणि अक्का म्हणत आले.

त्या कोठीत मला कधी काही कमी पडलं नाही. तरी पहिल्याच आठवड्यात मी अक्कांना विचारलं होतं, की समोरची खोली रिकामीच असते, मग मी तिथे अभ्यासाला बसू का.

"ती रिकामी न्हाई," अक्का म्हणाल्या. "ती गिऱ्हाइकांची हाय."

नवलगुंद, कलघटगी, कुंदगोळ अशा गावांतले लहान दुकानदार सणाच्या आधी माल भरायला हुबळीला यायचे. शेवटची बस गेली, की ते ठोक दुकानदाराच्या घरीच मुक्काम करायचे. ही पेठेतली जुनी रीत. आता बहुतेकांकडे गाड्या होत्या.

"आता कोण राहतंय, अक्का?"

"वर्साला चौघं तरी राहतात. ऐन वेळी माणूस दारात आला आणि गादीवर तू पसरलेली, मग त्याला काय सांगू, गोदामात लोळ म्हणून?"

हे त्या हसत म्हणाल्या, पण खोली दिली नाही. तेव्हा मला थोडं लागलं होतं. त्या खोलीची आठवण सुरुवातीलाच सांगते आहे, कारण पुढे तिनेच मला बोलायचं बळ दिलं.

तारिहाळच्या कारखान्यांच्या मागे अण्णांचा एक माळ आहे. त्यांच्या वडिलांनी कधीतरी घेतलेला. मुरमाड जमीन, कमरेपर्यंत वाढणारं गवत, मध्येमध्ये बोरीची झुडपं. पीक काढावं अशी माती नाही. दरवर्षी एक गवळी गवत कापून न्यायचा, एवढाच त्याचा उपयोग. अण्णा आपल्या बोलण्यात त्याला 'पडीक' म्हणत. पण अक्का शेतकऱ्याच्या घरातल्या. मार्गशीर्षातल्या एळ्ळ अमावास्येला शेतात जाऊन जेवायचं, भूमीची पूजा करायची, हे त्यांना चुकवता येत नसे. शेत नाही तर माळ. त्या दिवशी एक टेम्पो ठरायचा. सज्जेच्या, म्हणजे बाजरीच्या, भाकऱ्या, शेंगाचटणी, भरली वांगी, कडबू, दहीभात, सगळं बांधून आम्ही जायचो. पाच खडे मांडून, त्यांना चुना लावून पूजा व्हायची. मग अक्का पुढे आणि मी मागे अशा माळभर फिरायचो. त्या अन्नातलं मूठमूठ गवतात टाकत जायच्या, मी तांब्यातलं पाणी शिंपडत जायची. याला चरग टाकणं म्हणतात. जमिनीवर जे काही जगतं, त्याचा तो घास.

दुपारी पंगत बसली, की ऊन थेट डोक्यावर. अक्का पदर पुढे ओढून घ्यायच्या आणि न चुकता म्हणायच्या, "एक झाड न्हाई या माळावर. सावलीसाठी जीव कासावीस होतो बघ."

अण्णा म्हणायचे, "लावू की पुढच्या वर्षी."

"तुमचं पुढचं वर्ष मला ठाऊक हाय."

हे मी तीन-चार वर्षं, जवळजवळ त्याच शब्दांत ऐकलं. हेही लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे मला ते विसरायची सोय राहिली नाही.

माझ्या पहिल्याच अमावास्येला टेम्पोवाला न्यायला उशिरा आला. दिवस मावळत होता. आम्ही भांडी गोळा करून बसलो होतो. तेवढ्यात गवतावरून अगदी खालून एक पक्षी आला. घारीपेक्षा सडपातळ, लांब पंखांचा, राखी रंगाचा, पंखांची टोकं काळी. पंख न हलवता तो गवताच्या शेंड्यांवरून तरंगत गेला. मागून तपकिरी रंगाचा दुसरा, त्याच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. मग पूर्वेकडून, हरभऱ्याच्या शेतांच्या बाजूने, आणखी आले. थोडा वेळ माळावर घिरट्या घालून ते एकेक करून गवतात उतरले आणि दिसेनासे झाले. एकाचाही आवाज झाला नाही. मी गावाकडे जंगलाच्या कडेला वाढलेली. पक्षी झाडावर झोपतात हे मला माहीत होतं. शिकारी पक्षी, तेही इतके, जमिनीवर झोपायला येतात, हे मी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ते प्राणिशास्त्राच्या सरांना सांगितलं. त्यांनी जागा कुठे, गवत केवढं, पक्षी किती, असं सगळं विचारलं. त्या पक्ष्यांना मराठीत भोवत्या म्हणतात, हे मला त्यांच्याकडून कळलं. मध्य आशियातल्या गवताळ मैदानांत ते अंडी घालतात आणि थंडी सुरू झाली की हजारो मैल उडून आपल्या दख्खनच्या माळांवर येतात. दिवसभर शेतांवर नाकतोडे, उंदीर, लहान पक्षी पकडायचे आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून एका माळावर झोपायचं. असे माळ थोडेच उरलेत, सर म्हणाले. कुठे कारखाने आले, कुठे प्लॉट पडले. पक्षी किती येतात, कुठे झोपतात, हे दर हिवाळ्यात ठिकठिकाणचे लोक मोजतात आणि ते आकडे एकत्र करतात, तेव्हा कुठे त्यांची संख्या वाढली की घटली हे समजतं. "तुझा माळ कोणी मोजलेला नाही," ते म्हणाले. त्यांनी मला त्यांची जुनी दुर्बीण दिली. माझ्या हातात तोवर कोणी इतकी किमती वस्तू विश्वासाने ठेवली नव्हती.

अडचण दुसरीच होती. मोजणी संध्याकाळी. माळ गावाबाहेर. अप्पांनी ऐकताच मान हलवली.

"दिवस बुडायच्या वेळेला पोरगी माळावर एकटी? तुझं कालेज शिकवतंय ते हेच व्हय?"

अक्का जिन्यात उभ्या होत्या. "एकटी कशानं? मी हाय की," त्या म्हणाल्या. "गुडघ्यांनाही जरा चालणं होतंय."

अशा रीतीने आठवड्यातून एकदा आम्ही दोघी जाऊ लागलो. ठरावीक रिक्षा, मग थोडी पायवाट, मग माळाच्या खालच्या अंगाला एका दगडाजवळ बसायचं. गवतात शिरायचं नाही, उभं राहायचं नाही, बोललं तर हळू. पक्षी खाली उतरला की मोजायचा. अवघड भाग असा, की उतरलेला पक्षी पुन्हा उठतो, जागा बदलतो, कधी तीनदा-चारदा. वर दुसरे येतच असतात. मी बोटांवर मोजायची, वहीत रेघा मारायची, आणि रेघ मारायला मान खाली घातली की दोन पक्षी चुकायचे.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला अक्कांनी ओटीतून मूठभर चिंचोके काढले. त्या दर उन्हाळ्यात चिंच फोडून मीठ लावून ठेवायच्या, त्यातले. मांडीवर पदरात चिंचोके, शेजारी स्टीलचा डबा. पक्षी खाली बसला की एक चिंचोका डब्यात. पक्षी उठला की डब्यातून एक परत ओटीत. डोळे सगळा वेळ माळावर, हात आपोआप चालायचा. अंधार झाला की झाकण लावायचं आणि घरी येऊन डब्यातले मोजायचे. सरांना मी हे सांगितलं, तेव्हा तेही पुढच्या वेळी खिशात चिंचोके घेऊन आले.

अशा संध्याकाळी अक्का जे बोलायच्या, ते मी अजून ऐकते. एखादी मादी सारखी उठबस करू लागली, की म्हणायच्या, "ह्या बाईची गादी टोचालीय बघ." दोन पक्षी एकाच जागेवरून भांडले, की "जावा-जावा असणार." आणि दर खेपेला एक राखी नर सगळ्यांच्या मागून, दिसेनासं व्हायच्या बेतात यायचा. "हा तुझ्या अण्णांसारखा. सगळ्यांची जेवणं झाली, की हा दुकान बंद करून येणार."

सकाळी पक्षी उठून गेल्यावर कधीकधी मी सरांबरोबर माळात जायची. जिथे ते झोपलेले असत, तिथे गवत दबून वाटीसारखा खळगा झालेला असे. त्यात करंगळीएवढ्या गोळ्या सापडायच्या. न पचलेलं जे असतं, ते हे पक्षी गोळी करून ओकून टाकतात. त्या मी घरी आणून, पाण्यात भिजवून, सुईने उकलायची. नाकतोड्यांचे पाय, उंदराचे केस, एखादं पीस. एकदा अण्णांनी त्यातली एक सुकी गोळी कापडाचा पोत बघावा तशी अंगठा आणि बोटात धरून चोळली आणि म्हणाले, "लोकर हाय की." मग काय आहे ते कळल्यावर हात धुवायला गेले. अक्का दिवसभर हसत होत्या.

अक्कांनी आणखी एक गोष्ट केली, जी मी केली नसती. मला ते सुचलंच नव्हतं. गवळी दिवाळीनंतर गवत कापायचा, म्हणजे नेमकं पक्षी येऊन बसल्यावर. त्याला त्यांनी दारात बसवून चहा पाजला आणि सांगितलं, की वरच्या अंगाचं गवत होळी झाल्याशिवाय कापायचं नाही, खालचं हवं तेव्हा ने. तो म्हणाला, वाळून काडी झालेलं गवत म्हशी खाणार नाहीत. त्या म्हणाल्या, "मग छपराला घाल." त्याने ऐकलं.

मी पदवी घेतली, बी.एड. केलं, आणि हुबळीतच लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. अप्पांना गाठी उचलणं झेपेना, म्हणून ते गावी परतले. मी वेगळी खोली घेतली, तरी हिवाळ्यातली आठवड्याची ती संध्याकाळ अक्कांबरोबरच जायची. आमचे आकडे दरवर्षी सरांमार्फत पुढे जात होते.

मग एका माघात अक्कांना चालताना धाप लागू लागली. पक्षी परतीला निघाले त्या सुमाराला त्या दवाखान्यात होत्या. शेवटची मोजणी मी एकटीने केली आणि डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं, थोडेच चिंचोके होते. "निघाले म्हणायचे," एवढंच म्हणाल्या. काही दिवसांनी त्या गेल्या. डबा मी त्यांच्या स्वयंपाकघरात, त्याच्या नेहमीच्या जागी ठेवला. मला तो माझ्याकडे ठेवावासा वाटला होता, पण मागायचं धाडस झालं नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी एका रविवारी अण्णांना भेटायला गेले. ते गच्चीत होते. गच्चीवर, कापडाच्या गाठींना येतं त्या जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत, ओळीने रोपं लावलेली. बोटभर उंचीची, नाजूक जोडपानांची. अण्णा झारीने पाणी घालत होते. या माणसाला मी गल्ल्यावरून उठून एक कुंडी हलवताना पाहिलं नव्हतं.

"चिंच," ते म्हणाले. "तिच्या डब्यातली. मोजायचे चिंचोके तिनं राखून ठेवलेले होते सगळे. भिजत घातले, तर जवळजवळ सगळे उगवले बघ."

मी म्हटलं, "किती छान आलीत." आणि विचारलं, कुठे लावणार.

"कुठं म्हणजे? माळावर. सावली पाहिजे होती तिला. मी जन्मभर पुढच्या वर्षी म्हणत राहिलो." मग जरा उत्साहाने म्हणाले, "जेसीबी एक दिवस येऊन गेला. वरच्या अंगाची एक पट्टी साफ केली, खड्डे पण मारलेत. पाऊस उघडला की उरलेला माळ करून देतो म्हणालाय. अख्खा माळ चिंचेचा करतो. नाव पण तिचंच."

मी तिथेच रोपांशेजारी बसले. त्यातलं प्रत्येक रोप कधीतरी माळावर उतरलेला एक पक्षी होतं. हे मला दिसत होतं आणि अण्णांना दिसत नव्हतं. त्यात त्यांची काही चूक नव्हती. झाड लावणं चांगलं, हे मीच शाळेत मुलांना शिकवते. भिंतीवर ते रंगवलेलं आहे. झाडामुळे कोणाचं घर जाऊ शकतं, हे कुठल्याच भिंतीवर नाही. हे पक्षी झाडांच्या मध्ये झोपत नाहीत. त्यांना चहूकडे उघडं हवं असतं, म्हणजे कोल्हा-कुत्रं आलेलं कळतं. झाडं वाढली, की गवत जाईल, आणि गवत गेलं, की ते येणार नाहीत. तारिहाळच्या बाजूला दुसरा एवढा माळ मला माहीत नव्हता.

आणि हे कोणाला सांगायचं, तर ज्यांच्या घरात मी जेवले, ज्यांच्यामुळे माझ्या अप्पांना मला शिकवता आलं, त्यांना. तेही बायकोच्या मरणानंतर त्यांना जे एकच काम सुचलं होतं, ते करू नका म्हणून.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. पुढच्या रविवारी बोलले. पावसाची उघडीप होती, त्यांनाच मला माळ दाखवायचा होता. वरच्या अंगाला गवत खरवडून काढलेलं, लाल मुरूम उघडा पडलेला आणि खड्ड्यांत पाणी साचलेलं. त्या पट्टीतच सगळ्यात जास्त पक्षी झोपायचे. मी जितकं नीट सांगता येईल तितकं सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकलं.

मग त्यांनी माळभर नजर फिरवली. "कुठं हायेत तुझे पक्षी?"

"आता नसतात, अण्णा. कार्तिकात येतील."

"येतील हे तुला कुणी सांगितलं?"

"दरवर्षी आलेत."

"माणसं पण दरवर्षी होती," ते म्हणाले.

मग त्यांनीच विचारलं, "तू तिच्यासोबत बसायचीस. तिला काय पाहिजे होतं, सावली का पक्षी? खरं सांग."

खोटं बोलणं सोपं होतं. अक्का म्हणाल्या होत्या, माळ असाच राहू द्या, एवढं म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. मी म्हटलं, "सावली मागितलेली मी दरवर्षी ऐकली. पक्ष्यांबद्दल त्यांनी असं काही सांगून ठेवलेलं नाही. दोन्ही असतील. मला माहीत नाही."

"मग?"

तेव्हा मला ती खोली आठवली. मी म्हटलं, "अण्णा, मी आले तेव्हा समोरची खोली मागितली होती. अक्कांनी दिली नाही. म्हणाल्या, ती रिकामी नाही, गिऱ्हाइकांची आहे. वर्षभर तिथे कोणी नसायचं. तरी गादीवर धुतलेली चादर असायची. हा माळ तसाच आहे. आत्ता इथे कोणी नाही. पण तो रिकामा नाही."

परतताना रिक्षात अण्णा रस्त्याकडे बघत होते. घराशी उतरल्यावर नेहमी म्हणायचे तसं 'जेवून जा' म्हणाले नाहीत. मला वाटलं, मी एक घर गमावलं.

त्यानंतर बरेच आठवडे मी गेले नाही. फोन केला की "दुकानात गर्दी हाय" म्हणून ठेवायचे. माळावर जाऊन बघायची मला भीती वाटायची. एकदा आषाढात कशीतरी गेले. बाकीचं गवत उभं होतं, हिरवं. खरवडलेल्या पट्टीत मात्र गवताऐवजी गाजरगवत उगवलं होतं. जेसीबी पुन्हा आला नव्हता, पण पाऊस जास्त आहे म्हणूनही तो आला नसेल.

खरं काय ते मला नागपंचमीच्या आधी कळलं, तेही दुकानात. मी कापड घ्यायच्या निमित्ताने गेले होते. कलघटगीकडचे एक वयस्कर दुकानदार माल बांधून घेत होते. गाठ बांधून झाली, तसे अण्णा मागे गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीतलं एक रोप घेऊन आले.

"हे पण न्या."

"हे काय, सावकार? मालासोबत झाड?"

"चिंच हाय. दारात नको, बांधावर लावा. जगलं का न्हाई ते दसऱ्याला येऊन सांगायचं. मेलं, तर माल मिळणार न्हाई."

तो माणूस हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी मला पाहिलं होतं. रोप गाठीवर नीट उभं राहील असं बांधून दिलं आणि मगच माझ्याकडे वळून म्हणाले, "गच्चीत अजून थोडी उरलीत. तुझ्या गावाला पण घेऊन जा. तिकडं पाऊस बरा पडतो."

मी सहा रोपं अळणावरच्या बसमधून मांडीवर घेऊन गेले. अप्पांनी ती आमच्या गावच्या शाळेच्या मागे लावली. त्यातलं एक शेळीने खाल्लं, बाकीची जगली.

कार्तिकात पहिला भोवत्या दिसला, तेव्हा मी एकटीच होते. मी अण्णांना कळवलं. "बरं," म्हणाले. आले नाहीत. मला त्यांना आग्रह करावासा वाटला नाही.

एळ्ळ अमावास्या आली. घरात बाईमाणूस नाही, या वर्षी कोण करणार, असं मी धरून चालले होते. आदल्या दिवशी अण्णांचा निरोप आला, की भाकऱ्या कर आणि अप्पांना बोलाव. आम्ही टेम्पोने माळावर गेलो. टेम्पोत भांड्यांबरोबर चार बांबू आणि मांजरपाटाचं एक अख्खं ठाण होतं. अप्पांनी आणि टेम्पोवाल्याने माळाच्या खालच्या कडेला, दगडापासून दूर, बांबू रोवले. अण्णांनी स्वतः कापड उलगडून ताणलं, कोपरे बांधले. जन्मभर त्यांनी कापड मोजून फाडलं होतं. हे त्यांनी फाडलं नाही, तसंच अखंड चार घड्या करून पसरलं. कोऱ्या कापडाचा वास येत होता. त्याखाली जमिनीवर एक चौकोनी सावली पडली.

"बस," ते मला म्हणाले. पण त्या सावलीत मधोमध कोणी बसलं नाही. तिथे अक्कांचं पान मांडलं आणि आम्ही कडेकडेने बसलो.

चरग टाकायला अण्णा पुढे झाले, मी पाणी घेऊन मागे. खरवडलेल्या पट्टीपाशी ते थांबले. खड्डे अर्धे बुजले होते. त्यांनी त्या प्रत्येक खड्ड्यात मूठमूठ भात टाकला.

दुपार कलली तसं त्यांनी कापड उतरवायला सांगितलं. घडी घालून, बांबू काढून सगळं टेम्पोत चढवलं. जिथे सावली होती, तिथे फक्त दबलेलं गवत राहिलं. अप्पा टेम्पोतून पुढे गेले. अण्णा म्हणाले, "मी थांबतो. मोजणी हाय ना तुझी?"

ते अक्कांच्या जागेवर, दगडाशी बसले. चिंचोके उरले नव्हते. त्यांनी खिशातून शेंगदाण्याची पुडी काढली आणि दोघांच्या मध्ये तोच स्टीलचा डबा ठेवला. उतरला की एक डब्यात, उठला की एक बाहेर, हे मी त्यांना समजावलं.

"ठाऊक हाय. ती घरी येऊन सांगायची."

पक्षी पूर्वेकडून येऊ लागले. खरवडलेल्या पट्टीवर ते घिरटी घालायचे, खाली यायचे आणि न बसता पुढे जायचे. सगळे पट्टीपलीकडच्या उभ्या गवतात दाटीने उतरले. अण्णांचा हात सावकाश चालत होता. मध्येच माझ्या लक्षात आलं, की डब्यातून उचललेला दाणा त्यांच्या तोंडात गेला.

"अण्णा, तो पक्षी होता."

"होय काय," ते म्हणाले आणि पुडीतला एक काढून डब्यात टाकला.

उजेड कमी झाला. येणारे थांबले. मी डब्यात पाहिलं. मागच्या कोणत्याही वर्षापेक्षा दाणे कमी होते.

"कमी हायेत?"

"हो."

"माझ्यामुळं?"

मी विचार करून सांगितलं, "काही त्या पट्टीमुळे असतील. सगळे नाही. कधी तिकडे पिल्लं कमी होतात, कधी वाटेत काही घडतं. ते आपल्याला इथे बसून कळत नाही. गवत परत येईल, दोन-तीन पावसाळ्यांत. तोवर माळ राहायला पाहिजे."

त्यांनी मान हलवली. पलीकडच्या जमिनीवर या वर्षी प्लॉटचे पांढरे दगड उभे राहिले होते. संधिप्रकाशात तेवढेच उठून दिसत होते. त्या दगडांकडे आम्ही दोघांनीही पाहिलं. हा माळ अण्णांचा आहे तोवर आहे, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी दुर्बीण पिशवीत ठेवत होते, तेवढ्यात राखी रंगाचा एक नर आला. आभाळ आणि तो यांत फारसा फरक उरला नव्हता. एकच फेरी मारून तो गवतात उतरला. अण्णांनी एक दाणा डब्यात टाकला, त्याचा हलका आवाज झाला. मी त्यांना सांगितलं, की अक्का या सगळ्यांत शेवटी येणाऱ्याला काय म्हणायच्या.

ते बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिले. "झाकून ठेवायची जेवण," ते म्हणाले. "कितीही उशीर झाला तरी."

आता काही दिसत नव्हतं. मी झाकण लावायला हात पुढे केला, तेव्हा त्यांनी तो हलकेच बाजूला केला.

"थांब जरा," ते म्हणाले. "अजून कोणी यायचं असंल."